पाटाच्या शेवटचे शेत

पूर्वी चंपकपूर नगरात सुबाहू नावाचा राजा राज्य करीत असता बोधिसत्त्व अमात्यकुळात जन्म घेऊन त्याच्या पदरी राहिले होते. त्यांचे नाव सुयाम. शेती, पाणी आणि बी-बियाणे यांचा कारभार त्यांच्याकडे होता.

सुबाहू राजा मोठा भला माणूस. प्रजेच्या ताटात आज काय पडले, हे विचारल्याशिवाय तो स्वतः जेवायला बसत नसे. त्याच्या राज्यात दंतुरा नदीच्या खोऱ्यात सात गावे होती. जमीन चांगली, पण पाण्यावाचून पिकायची नुसती वरई. भात बघायचा तो लग्नाच्या पंगतीत. हे कळल्यावर राजाने नदीला बांध घातला आणि सातही गावांना शिवून जाणारा चार कोस लांब पाट काढला. राजकोठारातले निवडक साळीचे बियाणे घरोघर दिले, तीन घरांत मिळून एक बैलजोडी दिली, आणि वर दवंडी पिटली की तीन वर्षे कोणाच्या खळ्यावरून राजभाग उचलला जाणार नाही. मागच्या सात पिढ्यांत कुणी असे ऐकले नव्हते. लोकांना आधी खरेच वाटेना.

पाटाच्या अगदी शेवटी शिलापल्ली नावाचे गाव होते. तिथे वेणुका नावाची एक बाई राहत असे. नवरा वारलेला, मुली सासरी. कुणाची सून रुसली, कुणाच्या गाईला खोंड झाला, कुणाच्या चुलीवर आज काय शिजते आहे, हे सारे तिला त्या घरच्यांच्या आधी ठाऊक असे. गाव तिला मावशी म्हणे.

दवंडी ऐकून शिलापल्लीचे लोक म्हणाले, "राजाचं पाणी राजवाड्याच्या पायरीपर्यंत. आपल्याकडे कशाला येतंय!"

वेणुका मात्र घरोघर फिरली. "अरे, बियाणं आलं, बैल आले, मग पाण्यालाच काय धाड भरली? वरई खाऊन जिभा खरखरीत झाल्या तुमच्या. साळ लावा मुकाट्याने."

तिच्या शब्दावर अकरा घरांनी साळ लावली. वरई कुणी पेरलीच नाही.

रोपे हातभर वाढली आणि पावसाने ओढ दिली. बांधात पाणी भरपूर होते. पण शिलापल्लीला पोचेपर्यंत पाटाच्या तळाला नुसती ओल उरे. खाचरांना भेगा पडल्या. शेजारचा भग्गव विळा घेऊन बांधावर उभा राहिला. "मावशे, वैरण म्हणून कापून टाकू का? निदान बैल तरी म्हणतील, राजानं दिलं."

वेणुकेने वाकून भेगेत बोट घालून पाहिले. आठवडाभरात पाणी आले नाही तर साळ जाणार होती, वरई तर नव्हतीच, आणि अकरा घरांच्या चुली तिच्या शब्दावर विझणार होत्या.

दुसऱ्या दिवशी पहाटेच तिने पदर खोचला आणि चार कोस चालत पाटाचा माथा गाठला. मनात म्हणाली, त्या अमात्याला आज असा बोलून काढते की सात जन्म आठवेल.

माथ्याला उंबरपल्ली गाव. तिथे झाडाखाली सुयाम स्वतः बसले होते. समोर पाण्याच्या घंगाळात तळाला बारीक भोक पाडलेली तांब्याची वाटी तरंगत होती. ती भरून बुडाली की एक घटिका झाली. प्रत्येक गावाला आठ वाट्या पाणी. वेणुका तो दिवस आणि ती रात्र बाजूला बसून मोजत राहिली. उंबरपल्लीला आठ भरल्या. पुढच्यांनाही आठच. कुठे लबाडी नाही, वशिला नाही. तिचा राग अवघडून बसला. कुणावर काढावा ते कळेना.

शेवटी ती उठून म्हणाली, "अमात्यबाबा, तुमचं वाटप अगदी सारखं आहे, माझी तक्रार नाही. आता आमच्या गावाची पाळी. पाणी सोडलंत की त्याच्याबरोबर चालत या, एवढं करा."

सुयामांनी वाटीवर एक माणूस बसवला, काठी उचलली आणि ते निघाले. उन्हाचे, छत्रीवाचून, एका अनोळखी बाईच्या सांगण्यावरून. अमात्य असे असतात हे वेणुकेला ठाऊक नव्हते.

पाणी पुढे, दोघे मागे. पहिल्या कोसाला पाणी गुडघाभर होते. मग उंदरांची बिळे लागली, खेकड्यांची भोके लागली. एके ठिकाणी म्हशी उतरून काठ ढासळला होता, तिथून पाणी सरळ ओढ्याला जात होते. तिसऱ्या कोसाला ते घोट्याइतके राहिले. आठ घटिका संपल्या, माथ्यावरचे दार बंद झाले असेल, आणि शिलापल्लीच्या शिवेवर पोचली ती एक ओली रेघ. भग्गवाच्या बांधापाशी तीही जिरली.

"वाट्या सारख्या होत्या, बाबा," वेणुका म्हणाली. "पाणी नव्हतं."

सुयामांनी वाकून त्या ओल्या रेघेवर हात ठेवला. मग म्हणाले, "मी माथ्यावर बसून मोजत होतो, मावशी. राजानं दिलेलं माझं शेतही माथ्यावरच आहे. तिथं पाट गळत नाही. म्हणून मला तो कधी गळताना दिसलाच नाही."

वेणुकेने मनात सातआठ वाक्ये घोळवून ठेवली होती. पण समोरचा माणूस चूक कबूल करून मोकळा झाला, तर भांडायचे कुणाशी?

सुयाम तसेच राजाकडे गेले. हात जोडून म्हणाले, "महाराज, आपण मनापासून दिलंत ते शेवटच्या शेतापर्यंत पोचत नाही. मला दोन गोष्टी करू द्या. माथ्यावरचं माझं शेत परत घ्या, तिथं सात गावांसाठी बियाणं पिकवा. त्याच्या बदली मला पाटाच्या शेवटचं खडकाळ माळरान द्या. यापुढं पाणी वाटणाऱ्याचं शेत तिथंच असावं. आणि पाण्याची पाळी शेवटच्या शेतापासून सुरू व्हावी. ते भिजल्याशिवाय वरच्या कुणी दार उघडू नये."

उंबरपल्लीचा ग्रामणी, म्हणजे गावचा मुख्य, कंठक दरबारात होता. तो उसळला. "महाराज, नदी आमच्या दारात आणि आम्ही शेवटी? पंगतीत वाढप्याजवळ बसलेल्यानं उपाशी राहायचं, हा कुठला न्याय?"

राजाने सुयामांकडे पाहिले.

"आठ दिवस द्या," सुयाम म्हणाले. "तेवढ्यात उंबरपल्लीचं एक जरी खाचर वाळलं, तर मला या पदावरून काढून टाका."

राजाने संमती दिली. दुसऱ्या सकाळी शिलापल्लीत एक बैलगाडी आली. वेणुका अर्थातच कुंपणापाशी उभी होती. गाडीत काय, तर दोन हंडे, एक जाते, थोडी भांडी, आणि अमात्यांची बायको भद्रा.

"बाई गं, इथली विहीर तळाला गेलीय," वेणुका म्हणाली. "गढूळ येतं पाणी. तुम्ही काय पिणार?"

"तुम्ही पिता तेच," भद्रा म्हणाली आणि हंडा काखेत घेऊन विहिरीकडे चालू लागली. वेणुकेने धावत जाऊन तिच्या हातात आपले गाळायचे फडके दिले.

पाणी सुटले. वरची सगळी दारे बंद. पहिला दिवस गेला, पाणी पोचले नाही. दुसराही गेला. उंबरपल्लीचे लोक पाटावर बसून चरफडत होते. भग्गवाने विळ्याला धार लावून घेतली. वेणुका घराबाहेर पडेना. पडली तर कुणी काही विचारेल म्हणून.

तिसऱ्या दिवशी कंठकाच्या डोक्यात एकदम उजेड पडला. शिलापल्ली भिजल्याशिवाय आपली पाळी नाही, आणि पाणी तर वाटेतच बिळात चालले आहे! तो उठून ओरडला, "बघत काय बसलात रे? आपलं पाणी उंदीर पितायत! कुदळी आणा!"

मग काय विचारता! जे लोक शेजारच्या गावाच्या पाटाचे भोकही बुजवत नव्हते, ते चार कोस चिखल तुडवत निघाले. चिकणमाती आणि गवत ठासून त्यांनी बिळे बंद केली. म्हशींच्या उताराला दगड रचले. मधल्या गावांचीही माणसे उतरली, कारण पाळी त्यांचीही अडली होती. कुणाला हुकूम करावा लागला नाही. सुयाम स्वतः शेवटच्या टोकाला माती वाहत होते आणि भग्गव त्यांना घमेले कसे धरायचे ते शिकवत होता.

पाचव्या दिवशी दुपारी पाणी आले. रेघ नव्हे, मांडीभर, मातकट, गडगडत आलेले पाणी. भग्गवाच्या खाचरात शिरले, वेणुकेचे वाफे भरले, अकरा घरांच्या साळी भिजवून बांधावरून अमात्यांच्या खडकाळ माळावर पसरले. वेणुकेने चिखलात उतरून रोपांवरून हात फिरवला. "जगले रे बाबा," एवढेच ती बोलली. पाट आता गळत नव्हता, म्हणून वरची गावे झपाझप भिजली. सातव्या दिवशी उंबरपल्लीची पाळी लागली, आणि त्यांचे एकही खाचर वाळले नव्हते.

त्या वर्षी सातही गावांत साळ पिकली. पुढच्या दोन वर्षांत जिथे एक पोते होई तिथे तीन होऊ लागली. राजा शिलापल्लीला आला, वेणुकेच्या ओसरीवर बसून भात जेवला आणि त्याने विचारले, "मावशी, अजून काही कमी आहे का?"

"कमी काही नाही, महाराज. तुमचे अमात्य तेवढे शेतीत कच्चे आहेत. पण शेजार चांगला मिळालाय, शिकतील."

राजा हसला, आणि सगळ्यांत मोठ्याने सुयाम हसले. त्यांनी आयुष्यभर तेच खडकाळ शेत कसले.

भिक्षेच्या पंगतीत रोज पुढे घुसणाऱ्या एका भिक्षूवरून विहारात कुजबूज झाली, तेव्हा भगवंतांनी ही पूर्वजन्मीची हकीकत सांगितली. मग ते म्हणाले, "भिक्षूंनो, तेव्हाचा ग्रामणी कंठक म्हणजे हाच भिक्षू. याला रागावू नका. कळल्यावर सगळ्यांत आधी कुदळ यानेच उचलली होती. राजा सुबाहू म्हणजे आजचा भिक्षू आनंद. वेणुका म्हणजे विहाराच्या दारात बसून आजारी भिक्षूंची चौकशी करणारी ती उपासिका. आणि अमात्य सुयाम मी होतो. देणारे पुष्कळ असतात. पण ज्याला द्यायचे त्याच्या शेजारी घर करून, त्याचेच पाणी पिऊन, त्याच्याच मागे आपली पाळी लावणे, याला समानात्मता म्हणतात. ती नसेल तर दान वाटेतच जिरते."

तो भिक्षू उठला, आणि पंगतीच्या शेवटी जाऊन बसला.