कोतवालाच्या जादा झेपा

डोंगराच्या पायथ्याशी रानात ऐनाचे एक उंच झाड होते. त्याच्या शेंड्याला एक कोतवाल पक्षी घरटे करून राहत असे. रंगाने काळा, शेपटी दुभंगलेली, अंगाने कावळ्याच्या निम्मा. पण कावळा असो की शिक्रा, त्याच्या झाडाकडे कोणी वाकडी नजर केली की हा बाणासारखा सुटे आणि चोची मारत त्याला ओढ्यापलीकडे घालवून येई. म्हणून अंडी घालायच्या दिवसांत लहान पक्षी त्याच्याच झाडावर जागा शोधत.

मुलांनो, कोतवाल ही राखण फुकट करत नसे. का करावी? त्यालाही पोट होते. त्याची रीत ठरलेली होती. झाडावरच्या प्रत्येक घराने रोज सकाळी त्याला एक जाड अळी द्यायची. त्या बदल्यात हाक मारली की दिवसातून तीन वेळा तो झेप घेणार. त्यापुढची प्रत्येक झेप जादा, आणि एका जादा झेपेला एक अळी. रोजची अळी रोज द्यायची. जादा अळ्यांचा हिशेब मात्र पौर्णिमेला होई.

त्या वर्षी झाडाच्या खालच्या फांदीवर बुलबुलाचे एक जोडपे राहायला आले. बुलबुलीण पहिलटकरीण होती. कोतवाल तिला रीत सांगायला उतरला तेव्हा ती घरट्याचा काठ विणत होती. चोचीत कोळ्याचे जाळे धरलेले होते.

कोतवालाने सगळी रीत सांगितली आणि शेवटी विचारले, "बाई, तीन झेपा संपल्यावर हाक मारलीस तर काय करू? येत राहू? आधी विचारू? का येऊच नको? तू सांगशील तसं."

जाळे सुटू नये म्हणून बुलबुलिणीने नुसती मान हलवली.

"येत राहू ना?"

तिने पुन्हा मान हलवली. कोतवाल उडून गेला. झाले ते एवढेच. चूक म्हणावी तर ती इथे झाली, आणि ती कोणाच्याही हातून होण्यासारखी होती.

नवरा आल्यावर त्याने विचारले, "काय म्हणत होता तो?"

"राखण करतो म्हणाला. रोज एक अळी द्यायची."

"एका अळीत? स्वस्तात पडलं की!"

पुढे घरट्यात तीन अंडी आली आणि बुलबुलिणीच्या जिवाला स्वस्थता उरली नाही. वाळलेले पान गळले की तिला कावळा दिसे. ढगाची सावली फांदीवरून सरकली की शिक्रा दिसे. बुंध्यावर सरडा चढला, खार पळाली, वाऱ्याने डहाळी हलली, की ती ओरडे, "कोतवालदादा, धावा!" आणि कोतवाल धावे. पहिल्या हाकेला जसा येई तसाच सातव्या हाकेला येई. उशीर नाही, कुरकुर नाही, शब्द नाही. म्हणून बुलबुलिणीला वाटले की हे सगळे त्या एका अळीतच बसते. तो थांबत नाही, त्या अर्थी आपला वाटा संपलेला नाही.

नवऱ्याचे आणखीच वेगळे. एक दिवस त्याची आई ओढ्याकाठून सुनेला बघायला आली. नवरा म्हणाला, "आई, आता गंमत बघ." आणि त्याने हाक मारली. कोतवाल वरून सूं करत आला, घरट्याभोवती घिरटी घातली, कोणी दिसले नाही तसा परत गेला.

"अगं बाई!" म्हातारी म्हणाली. "राजाच्या घरी नसेल असा पहारा! पुन्हा बोलाव की रे."

त्याने पुन्हा बोलावले. मग आणखी एकदा.

शेजारच्या फांदीवर एक हळद्या पक्षी राहत होता. तो म्हणाला, "अरे, कोतवालाचं खेळणं केलंस का?"

"आमचं आमच्या अळीत बसतं," नवरा म्हणाला.

"बसतं का? मोजलंस कधी?"

"तुझ्या पोटात का दुखतं?"

"माझ्या नाही दुखत बाबा," हळद्या म्हणाला आणि आपल्या कामाला लागला. त्याने सरळ काय ते सांगायला हवे होते. पण टोमणा मारणे सोपे असते.

अंडी फुटली. तीन पिल्ले निघाली. उघडीबोडकी, डोळे मिटलेले, आणि तोंडे सदा उघडी. नवराबायको दिवसभर किडे वेचू लागले तरी ती तोंडे मिटत नव्हती. अशातच पौर्णिमा आली. सकाळी कोतवाल घरट्याच्या काठावर येऊन बसला.

"बाई, हिशेब."

"ही घ्या ना आजची अळी," बुलबुलीण म्हणाली.

"ती रोजची. जादा झेपा साठ झाल्या. साठ अळ्या दे."

 नवरा ओरडला, "साठ! डोकं ठिकाणावर आहे का?"

"माझं आहे," कोतवाल म्हणाला. "येत राहू का म्हणून पहिल्या दिवशी विचारलं होतं. बाईंनी मान हलवली. हिशेब चुकता होईपर्यंत राखण बंद. झाडावर सगळ्यांना रीत एकच." एवढे बोलून तो शेंड्याकडे निघून गेला.

आता तिची अडचण बघा. साठ अळ्या द्यायच्या तर पिल्लांच्या तोंडच्या काढून द्यायच्या. न द्याव्या तर पिल्ले राखणीवाचून उघडी. आणि असल्या बातम्या कावळ्याला सगळ्यांच्या आधी कळतात. समोरच्या सावरीच्या झाडावर एक कावळा येऊन बसलासुद्धा. तो घाईत नव्हता. चोच फांदीला घासत होता.

नवराबायकोंत जुंपली.

"आईला दाखवायला कोणी बोलावलं होतं त्याला? मी?"

"आणि वाळक्या पानाला घाबरून बोलावलं ते कोणी? पान काय अंडी खातं?"

"अहो, एका अळीत स्वस्त पडलं म्हणून नाचत होतात तुम्ही!"

मग दोघेही कामाला लागले. भांडून अळी मिळत नाही. एक जण घरट्यापाशी थांबायचा आणि दुसरा वेचायला जायचा. आणलेल्यातली एक अळी पिल्लांना, एक कोतवालासाठी बाजूला, असे चालले. दुपार झाली. बुलबुलीण घास घेऊन आली तेव्हा दोन पिल्लांनी माना वर केल्या. धाकट्याने केली नाही. तिने त्याला चोचीने हलवले. त्याने तोंड उघडले, पण मान पेलवेना.

बुलबुलिणीने कोतवालासाठी ठेवलेल्या अळ्या उचलल्या आणि एकेक करून धाकट्याला भरवल्या. मग ती नवऱ्याला म्हणाली, "इथून हलू नका." आणि ती सरळ शेंड्याकडे उडाली. मनात म्हणत होती, लुबाडणूक आहे ही, आज तोंडावर सांगते.

शेंड्याकडे ती याआधी कधी गेली नव्हती. तिथे दोन फांद्यांच्या बेचक्यात कोतवालाचे उथळ घरटे होते. आत त्याचीही पिल्ले होती, आणि तीही किडकिडीत होती. कोतवाल शेजारी चोच वासून, पंख सैल सोडून बसला होता.

कोतवालीण म्हणाली, "तू ती खालची ना? बरं झालं आलीस. इतके दिवस हे तुझ्या पानांच्या आणि सावल्यांच्या मागे पळत होते. जितका वेळ तिकडे, तितका वेळ इथे किडा नाही. जादा अळी मागतात ती हौसेनं नाही."

बुलबुलिणीचा निम्मा राग तिथेच ओसरला. पण ती मागे फिरली नाही. ती म्हणाली, "दादा, तुमची मेहनत खरी. तुमची पिल्लं मी डोळ्यांनी पाहिली. अळ्या मी नाकारत नाही. पण एक विचारते. तिसरी झेप झाली की 'बाई, वाटा संपला' एवढं तरी तुम्ही कधी बोललात का?"

"पहिल्या दिवशी विचारलं होतं."

"चोचीत जाळं धरलेल्या बाईला एकदा विचारलंत, आणि मग पौर्णिमेपर्यंत तोंड मिटून मोजत बसलात. मला एक शब्द कळला असता तर मी पानाला हाक मारली असती का?"

"सांगायची रीत नाही आमच्यात."

"मग रीत अपुरी आहे तुमची."

कोतवालाने मान ताठ केली. इतक्या लहान पक्ष्याने त्याला असे कधी सुनावले नव्हते. कोतवालीण मात्र म्हणाली, "अहो, बरोबर बोलतेय ती. बघताय काय?"

कोतवालाने आपल्या पिल्लांकडे पाहिले. मग म्हणाला, "मोजत मी होतो. तेव्हा सांगायलाही मलाच हवं होतं. चुकलं माझं. पण झेपा मी घेतल्या आहेत. अळ्या सोडणार नाही."

"सोडा म्हणतच नाही मी. आत्ता मागू नका. माझा धाकटा मान उचलत नाही."

"पिल्लं उडाली की दे. रोज एक. राखण आत्तापासून सुरू."

"आणि यांनी सासूबाईंना दाखवायला बोलावलं होतं, त्याही झेपा धरल्यात का?"

"त्यांच्या अळ्या तर आधी घेईन," कोतवाल म्हणाला. "आणि तुझ्या नवऱ्याने स्वतः आणून द्यायच्या."

कोतवालीण हसली. बुलबुलीण पहिल्यांदाच थोडी हसली.

मग ती म्हणाली, "आता पुढचं नीट ठरवू. तिसरी झेप झाली की तुम्ही दोन शिट्ट्या मारायच्या, म्हणजे मला कळेल. त्यानंतर मला विचारल्याशिवाय यायचं नाही. आणि मी हो म्हटलं तरी दिवसाला दोनच जादा झेपा. तिसरी मागितली तर येऊ नका."

"आणि तू रडलीस, ओरडलीस तर?"

"तरी नाही. घाबरल्यावर मी काहीही कबूल करेन. आत्ता डोकं शांत आहे, म्हणून आत्ताच सांगून ठेवते."

कोतवालाने हे ऐकून तिच्याकडे नीट पाहिले. इतकी वर्षे राखण केली, पण असे त्याला कोणी सांगितले नव्हते. "ठरलं," तो म्हणाला.

त्या दिवसापासून बुलबुलीण आधी बघू लागली आणि मग ओरडू लागली. पान कसे गळते आणि कावळा कसा उतरतो, यांतला फरक बघणाऱ्याला दिसतोच. पान हेलकावे खात येते. कावळा सरळ येतो. ढगाची सावली सगळ्या झाडावरून जाते. शिक्र्याची एकाच फांदीवरून जाते. असे तिचे तीच शिकली. कित्येक दिवस तर तिसरी झेपही लागत नसे. धाकटाही हळूहळू मान उचलू लागला. त्याला पिसे सगळ्यांच्या मागून फुटली, पण फुटली.

एक दिवस मात्र सकाळपासून सोसाट्याचा वारा होता. सावरीवरच्या कावळ्याला अशाच दिवसाची गरज होती. वाऱ्याच्या आडून तो तीनदा आला आणि तीनदा कोतवालाने त्याला पिटाळले. मग शेंड्यावरून दोन शिट्ट्या आल्या. वाटा संपला होता. त्यानंतर डहाळ्या मोडून पडल्या, पाने उडाली, नवरा दोनदा हाक मारायला निघाला. बुलबुलिणीने त्याला थांबवले. "नुसती पानं आहेत. गप्प बसा."

दुपारनंतर कावळा चौथ्यांदा आला. या वेळी तो वरून आला नाही. खालून बुंध्याला धरून, फांदीवर उड्या मारत आला. बुलबुलीण आणि तिचा नवरा त्याच्या अंगावर धावून गेले. त्याने पंखाच्या एका फटक्यात नवऱ्याला बाजूला केले. आता घरटे त्याच्या चोचीच्या टप्प्यात होते. धाकटे पिल्लू नेमके त्याच काठाला होते.

बुलबुलिणीने हाक मारली. वरून आवाज आला, "बाई, ही जादा! येऊ?"

"या!" ती म्हणाली.

तिचा शब्द पुरा होतो न होतो तोच कोतवाल कावळ्याच्या डोक्यावर होता. एक टोच, दुसरी टोच. कावळा काव काव करत फांदीवरून घसरला आणि वाऱ्याबरोबर भेलकांडत ओढ्यापार गेला. पिल्ले तिन्ही जागच्या जागी होती. धाकट्याने तर घास आला असे समजून तोंड उघडले होते.

दुसऱ्या दिवशी उजाडताच बुलबुलीण शेंड्यावर गेली. चोचीत दोन अळ्या होत्या.

कोतवाल म्हणाला, "एक रोजची. दुसरी कसली? पौर्णिमा लांब आहे अजून."

"कालच्या झेपेची," बुलबुलीण म्हणाली. "मागच्या साठ कशाकशासाठी लागल्या ते मला आठवतही नाही. ही मात्र मी बघून घेतली होती. हिची अळी द्यायला जड जात नाही."

कोतवालाने अळी घेतली आणि ती आपल्या पिल्लाच्या तोंडात दिली. बुलबुलीण खाली आपल्या पिल्लांकडे गेली.

तात्पर्य : ठरलेला वाटा संपल्यावरही सेवा चालू राहिली, म्हणजे ती फुकट आहे असे समजू नये. मोबाइलवर महिन्याची वर्गणी भरून काही घ्याल, तर वाटा किती, तो संपल्यावर काय होते आणि जादा वापराची हद्द कुठे, हे डोके शांत असताना पहिल्याच दिवशी ठरवावे. आणि जो मोजतो त्याने मोजलेले वेळेवर सांगावे.