बारकूची एक चवळी

एक होती चूल. चुलीमागे होतं बीळ. बिळात राहायची इवली.

इवली म्हणजे उंदराची पोर. शेपटी लांब, अंग एवढंसं, आणि काळजी? काळजी मात्र डोंगराएवढी.

इवलीला एक भाऊ होता, बारकू. इतका लहान, की अजून दातसुद्धा आले नव्हते. आई गेली होती मक्याच्या शेतात. जाताना सांगून गेली, बारकू रडला तर त्याला ही चवळी दे. चवळी एकच होती. पांढरी पांढरी, काळ्या डोळ्याची.

बारकू रडला. चीं चीं चीं.

इवलीने चवळी दिली. पण चवळी कडक. बारकूला दात कुठे? तो आणखीच रडला. चीं चीं चीं.

आता काय करायचं? ते घर होतं ठकूआत्याचं. आत्या रोज मडक्यातल्या पाण्यात चवळी भिजत घालायची. भिजली की चवळी मऊ होते, हे इवलीने बिळातून पाहिलं होतं. म्हणून ती चवळी घेऊन मडक्यावर चढली. तुरुतुरु तुरुतुरु. चवळी बुडवायची, मऊ करायची, परत काढायची. एवढंच तर करायचं होतं.

पण चवळी सटकली. टुपुक!

मडक्यात बघते तर काय, चवळ्याच चवळ्या. सगळ्या पांढऱ्या. सगळ्यांना काळा डोळा.

इवलीचं काळीज धडधड धडधड. एकच तर चवळी होती, तीही गेली. आता बारकूला काय देऊ? आईला काय सांगू?

इवली गेली आत्याकडे. आत्या मक्याचं पीठ घेऊन बसली होती. तोंड अगदी उतरलेलं.

"आत्या गं आत्या, माझी चवळी दे."

आत्याने मडक्यात डोकावून पाहिलं. "यातली कुठली गं तुझी? समद्यांचा डोळा काळाच. चवळी शिजू दे, मक्याची भाकर होऊ दे, मग देते तुझा वाटा. पण चूलच पेटंना, बघ."

इवली गेली चुलीकडे. तुरुतुरु तुरुतुरु.

"चूलबाई, चूलबाई, पेट ना गं.
चूल पेटेना,
चवळी शिजेना,
माझ्या बारकूला घास मिळेना."

चूल म्हणाली, "मी नाही पेटणार. लाकूड ओलं आहे. लाकूड वाळेल, तर मी पेटेन."

बिळातून आवाज आला. चीं चीं चीं.

इवली गेली लाकडाकडे. तुरुतुरु तुरुतुरु. लाकूड भिंतीला टेकून बसलं होतं, गारठलेलं.

"लाकूडदादा, लाकूडदादा, वाळ ना रे.
लाकूड वाळेना,
चूल पेटेना,
चवळी शिजेना,
माझ्या बारकूला घास मिळेना."

लाकूड म्हणालं, "मी नाही वाळणार. ऊन कुठे आहे? ऊन पडेल, तर मी वाळेन."

बिळातून आवाज आला. चीं चीं. या वेळी जरा बारीक.

इवली अंगणात आली. अंगणात मका उभा होता, उंचच उंच. इवली त्याच्या शेंड्यावर चढली. तुरुतुरु तुरुतुरु. शेंडा हलला, इवली घाबरली, पण खाली उतरली नाही.

"ऊनबाई, ऊनबाई, पड ना गं.
ऊन पडेना,
लाकूड वाळेना,
चूल पेटेना,
चवळी शिजेना,
माझ्या बारकूला घास मिळेना."

ऊन म्हणालं, "मी नाही पडणार. ढग आडवा बसलाय. ढग हलेल, तर मी पडेन."

बिळातून आवाज आला. चीं. एकदाच.

ढग तिथेच होता. काळा, जाडजूड, ढिम्म.

"ढगोबा, ढगोबा, हला ना हो.
ढग हलेना,
ऊन पडेना,
लाकूड वाळेना,
चूल पेटेना,
चवळी शिजेना,
माझ्या बारकूला घास मिळेना."

ढग म्हणाला, "मी नाही हलणार. मी पडलो जड. वारा ढकलेल, तर मी हलेन."

वारा कुठे होता? वारा होता लांब, ओढ्याकाठी, बांबूच्या बेटात. इवली धावली. तुरुतुरु तुरुतुरु. आता बिळातला आवाज ऐकूच येईना. बारकू रडतोय? झोपलाय? की आणखी काही झालंय? इवलीच्या डोळ्यांत पाणी आलं. तरी ती धावतच राहिली.

एक बांबू आडवा पडला होता. आतून पोकळ. त्यात वारा झोपला होता. घुर्र घुर्र.

"वारेदादा, वारेदादा, वाहा ना हो.
वारा वाहेना,
ढग हलेना,
ऊन पडेना,
लाकूड वाळेना,
चूल पेटेना,
चवळी शिजेना,
माझ्या बारकूला घास मिळेना."

वारा आळसावून म्हणाला, "मी नाही वाहणार. मला आधी कुणीतरी फुंकायला हवं. कुणी फुंकेल, तर मी उठेन."

इवलीने इकडे पाहिलं. तिकडे पाहिलं. कुणी नाही. आता कुणाकडे जाणार?

मग तिला आत्या आठवली. आत्या फुंकणी तोंडाला लावते, गाल फुगवते आणि चूल फुंकते. बांबूही तसाच पोकळ.

इवलीने बांबूला तोंड लावलं. गाल फुगवले. फू.

वारा घोरतच होता. घुर्र घुर्र.

इवलीने बारकूला आठवलं. पोटात होता नव्हता तो सगळा श्वास गोळा केला. फूऽऽऽ!

वारा उठला. सूं सूं सूं! इवली घराकडे पळाली. तुरुतुरु तुरुतुरु.

वाऱ्याने ढगाला ढकललं.
ढग हलला. सर्र सर्र.
ऊन पडलं. लख्ख लख्ख.
लाकूड वाळलं. हळूहळू, अगदी हळूहळू. इवली चुलीकडे बघे, बिळाकडे बघे आणि पुन्हा चुलीकडे बघे.
चूल पेटली. फुर्र फुर्र.
चवळी शिजली. रटरट रटरट.

आत्याने मक्याच्या पिठात गरम पाणी घातलं. मक्याचं पीठ भारी हट्टी. गार पाण्याने ऐकतच नाही. आत्याने पीठ मळलं, भाकरी थापली. थाप थाप थाप. आणि उरलेल्या पिठाची केली एक चिमुकली भाकरी, चानकी.

चानकीवर आत्याने एक चवळी ठेवली. "हीच का गं तुझी?"

इवलीने चवळी नीट निरखली. "हीच."

आत्या हसली. आणखी एक चवळी ठेवली. "ही बी असंल कदाचित. जा, पळ."

इवली बिळात शिरली. तुरुतुरु तुरुतुरु. बारकू गप्प पडला होता. डोळे मिटलेले.

धडधड धडधड.

इवलीने मऊ चवळी त्याच्या नाकाशी धरली. नाक हललं. मिशी हलली. मग तोंड उघडलं. आऽऽ.

मचमच मचमच. चवळी गेली पोटात. दुसरीही गेली. मग बारकूने चानकीचा मऊ तुकडा तोडला आणि इवलीच्या तोंडापुढे धरला.

"ताई, तू खा."

इवलीने तुकडा खाल्ला. तेव्हा कुठे तिला कळलं, आपल्यालाही केवढी भूक लागली होती.

चवळी संपली, चानकी संपली, गोष्टही संपली. आता हात धुवा आणि जेवायला बसा.