दारावरचं कापड

“...आणि पिक्चर वाईट आहे हे मला पहिल्या वीस मिनिटांत कळलं, तर उरलेले दोन तास मी कशासाठी बसायचं, अक्का?”

शेवंताक्का पावट्याच्या शेंगा सोलत होत्या. त्यांनी एक शेंग मोडली, दाणे सुपात टाकले, टरफल बाजूला सारलं.

मग दुसरी शेंग उचलली.

“बोला की.”

“कुठला पिक्चर?”

“कुठलाही.”

“कुठल्याही पिक्चरपायी माणूस भर उन्हात टेकडी चढून मठात येत नाही, पद्मा.”

पद्माकर मगदूम खाली बघत राहिला. मग नकळत त्याचाही हात शेंगांकडे गेला.

पद्माकर हायस्कुलात शास्त्र शिकवायचा आणि दर रविवारी वाचनालयात चित्रपट मंडळ चालवायचा. गावात त्याची एक ख्याती होती. टॉकीजमध्ये पिक्चर आवडला नाही की मगदूम सर मध्येच उठतात. उठायचेही असे, की खुर्चीची फळी खाडकन वर आपटली पाहिजे. दुसऱ्या दिवशी पानपट्टीवर चौकशी व्हायची, “सर किती मिनिटांनी उठले?” वीस म्हटलं की लोक तिकीट काढायचेच नाहीत.

त्याला हे ठाऊक होतं. आवडतही होतं.

आणि शेवंताक्का? त्यांनी त्याच टॉकीजमध्ये बायकांच्या बाजूचं दार एकतीस वर्षं सांभाळलं होतं. नोकरी संपल्यावर त्या टेकडीवरच्या मठात राहायला आल्या. अंगण झाडायच्या, दिवाबत्ती करायच्या. मठातल्या स्वामींना भेटायला आलेले लोक हळूहळू पायरीवरच अक्कांशी बोलत थांबायला लागले. पोथी त्यांनी कधी उघडली नव्हती. पद्माकर दोन वर्षं दर गुरुवारी यायचा आणि मनातून स्वतःला त्यांचा पहिल्या नंबरचा शिष्य समजायचा.

अक्कांनी त्याला अजून तरी पावटेच सोलायला दिले होते.

“सुकुमारचा पिक्चर आहे,” तो शेवटी म्हणाला.

“आवटींचा सुकुमार?”

“तोच. बालवाडीपासूनचा दोस्त. तीन वर्षं खपून काढलाय. रविवारी बाराचा पहिला खेळ. माझ्यासाठी पुढची कडेची खुर्ची धरलीय, वर माझ्या नावाची चिठ्ठी लावलीय. त्याची आई घरी येऊन कुंकू लावून सांगून गेली.”

“मग?”

“मी तुकडे बघितलेत, अक्का. वाईट आहे. चांगलाच वाईट आहे.”

“हं...”

“बसलो तर मी खोटा ठरतो. उठलो तर सगळं गाव उठेल, आणि सुकुमार पुन्हा माझं तोंड बघायचा नाही. तब्येतीचं निमित्त काढून घरीच राहिलो, तर भित्रा. तिन्हीकडून अडकलोय.”

अक्कांनी सूप उचलून पाखडलं. दोन किडके दाणे वेचून कोंबडीला टाकले.

“तुम्ही एकतीस वर्षं थेटरात काढलीत,” पद्माकर म्हणाला. “हजारो पिक्चर बघितले असतील. तुम्हीच सांगा.”

“मी एकही नाही बघितला.”

“म्हणजे?”

“रविवारी साडेअकराला ये,” अक्का म्हणाल्या. “चप्पल आवाज न करणारी घाल.”

॥

रविवारी टॉकीजच्या अंगणात नुसती जत्रा होती. सुकुमारचे मामा येईल त्याला पेढा देत होते. पिक्चरमध्ये काम केलेली माणसं इस्त्रीचे कपडे घालून आपापल्या सोयऱ्यांना घेऊन आली होती. एक जण सांगत होता, “मी दोनदा दिसतो. दुसऱ्यांदा नुसता हात दिसतो, पण माझाच आहे.”

म्हाताऱ्या मॅनेजरनं अक्कांना बघून हात जोडले. दार तेच होतं. स्टूलही तेच होतं. दारावर आतून जाड काळं कापड लोंबत होतं आणि पलीकडे ऊन रणरणत होतं.

“मी माझ्या खुर्चीवर...” पद्माकर म्हणाला.

“तू इथं उभा राहा. दार आज तुझं.”

“मी? डोअरकीपर?”

“लाज वाटते?”

“तसं नाही...” पण तसंच होतं. “काय करायचं असतं?”

“तोंड माणसांकडे. पाठ पिक्चरकडे. कोण जायला उठलं तर कापड त्याच्याएवढंच उचलायचं. तो गेला की सोडायचं. का चाललास म्हणून विचारायचं नाही.”

“एवढंच?”

“एवढंच मला जमायला चार वर्षं लागली,” अक्का म्हणाल्या आणि स्टुलावर टेकल्या.

अंधार झाला. टाळ्या पडल्या. पिक्चर सुरू झाला.

पाठ फिरवून उभं राहिलं तरी कान कुठं ठेवणार? पाचव्या मिनिटाला नायकानं “आई, मी येईन” हे वाक्य तिसऱ्यांदा म्हटलं. दहाव्या मिनिटाला कुणीतरी कुणाच्या तरी थोबाडीत मारली आणि आवाज जरा मागाहून आला. पद्माकरनं डोळे मिटून घेतले.

“डोळे उघड,” अक्का कुजबुजल्या. “राखणदार आहेस.”

त्यानं डोळे उघडले. समोर पाचेकशे चेहरे होते, पिक्चरच्या उजेडात कधी निळे, कधी पिवळे. त्यानं आयुष्यात थेटर असं उलटं कधी बघितलं नव्हतं.

पुढच्या रांगेत सुकुमारची आई हात जोडून बसली होती, देवळात बसावं तशी. तिच्या शेजारी एक खुर्ची रिकामी होती. पाठीवर चिठ्ठी.

विसाव्या मिनिटाला मधल्या रांगेतली तीन पोरं उठली. वाकून, हसत, दाराशी आली. पद्माकरनं मोठ्या उत्साहानं कापड उचललं, अगदी खांद्याच्या वर.

“बघितलंत, अक्का? वीस मिनिटं. बरोब्बर वीस! लोकांना कळतं...”

उन्हाची एक पट्टी आत घुसली आणि चार रांगांवर आडवी पडली. लोकांनी डोळ्यांवर हात धरले. पिक्चर पार फिका पडला. कुणीतरी ओरडलं, “ए दारवाल्या, झोपलास काय?”

अक्कांनी त्याच्या मनगटावर दोन बोटं आपटली. त्यानं कापड सोडलं.

आपण एवढ्या वेळा उठून गेलो, तेव्हा आपल्यामागे हे असं होत असेल... पद्माकरच्या कधी मनातही आलं नव्हतं. त्याला आजवर फक्त आपल्या खुर्चीचा आवाज ऐकू आला होता.

त्यानंतर तो बघत राहिला. डाव्या बाजूला दोन बहिणी एकमेकींना कोपरखळ्या मारत होत्या. एक मास्तर तोंड उघडं टाकून घोरत होते. आणखी चार-दोन जण उठून गेले. पद्माकर आता कापड मापानं उचलायला शिकला होता.

आणि मग भिंतीला टेकून उभा असलेला सुकुमार त्याला दिसला.

सुकुमार पिक्चर बघत नव्हता. तो त्या चिठ्ठी लावलेल्या खुर्चीकडे बघत होता.

पद्माकरनं कापडाची कड घट्ट धरली. त्यानं अक्कांकडे बघितलं. अक्कांनी पदराच्या गाठीतला पेढा काढून तोंडात टाकला.

मध्यंतर झालं. कुणाला दिसू नये म्हणून दिवे लागायच्या आधीच अक्कांनी पद्माकरला कापडाआड ओढून घेतलं. मध्यंतर संपून दिवे पुन्हा गेले. पंधरा मिनिटं झाली असतील नसतील, तोच भिंतीच्या कडेकडेनं सुकुमार दाराशी आला. अंधारात त्याला कोण उभं आहे ते कळलं नाही.

“कापड उचला,” तो पुटपुटला. “मला जायचंय.”

पद्माकरनं कापड धरलं. उचललं नाही.

“उचला हो. मला नाही बघवत. तीन वर्षांत जे दिसलं नाही ते आज दिसायला लागलंय.”

का चाललास म्हणून विचारायचं नाही. पद्माकरनं नाही विचारलं. तो फक्त म्हणाला, “सुक्या.”

“...पद्मा?”

“हं.”

“लेका, तू इथं? मी त्या खुर्चीकडे बघून बघून मेलो! मला वाटलं, आता वीस मिनिटं थांबायचीही ह्याला गरज वाटली नाही.”

“मी बारापासून इथंच आहे. उभा.”

पिक्चरमध्ये नायक पाचव्यांदा म्हणाला, “आई, मी येईन.”

“वाईट झालाय ना रे?” सुकुमारनं विचारलं.

पद्माकरनं आजवर ‘वाईट आहे’ हे वाक्य शंभर जणांना ऐकवलं होतं, फळ्यावर लिहिल्यासारखं. आज जीभ रेटेना.

“हो,” तो म्हणाला. “वाईट झालाय.”

“किती?”

“मागच्या महिन्यात एका पिक्चरला मी बारा मिनिटांत उठलो होतो. तो ह्यापेक्षा बरा होता.”

सुकुमारच्या नाकातून फुर्रकन आवाज आला. रडतोय की काय, म्हणून पद्माकर घाबरला. तो हसत होता. मग पद्माकरलाही हसू आवरेना. दोघं तोंडावर हात दाबून, एकमेकांचे खांदे धरून गदागदा हलायला लागले.

“ए!” तिसऱ्या रांगेतून एक बाई खवळली. “बाहेर जाऊन हसा की! आम्हाला ऐकू द्या!”

दोघांचं हसू जागीच थांबलं.

“ती... ऐकतीय?” सुकुमार म्हणाला.

“इकडे तोंड कर,” पद्माकर म्हणाला. “पिक्चरकडे नको. इकडे.”

दाराच्या पायरीवर दोघं शेजारी शेजारी बसले, शाळेत शिक्षा झाल्यावर बसायचे तसे. मध्यंतरात बरेच जण घरी गेले होते, समोर तीन-एकशे चेहरे उरले होते. थोड्या वेळानं ते सगळे एकदम फुटले. खळखळून हसले. घोरणारे मास्तर दचकून जागे झाले आणि काय झालं ते न कळताच हसायला लागले.

“काय झालं?” पद्माकरनं विचारलं. त्याची पाठ होती.

“कोंबडी,” सुकुमार म्हणाला. तो लोकांच्या तोंडाकडेच बघत होता. “सरपंचाच्या भाषणात मध्येच आली. चुकून. मी ती काढून टाकणार होतो.”

“का?”

“दर्जा जातो म्हणून.”

“कोणी सांगितलं?”

“तूच. मंडळात. दोन वर्षांपूर्वी.”

स्टुलावरून अक्का खोकल्या. पेढ्याचा कण अडकला असावा, किंवा नसावा.

तेवढ्यात मागच्या रांगेतून एक म्हातारा उठला. फेटा सावरत, काठी न वाजवता, हळूहळू दाराशी आला. दोनदा मागे वळून पिक्चरकडे बघितलं.

पद्माकर उठला. आणखी एक चालला, असं त्याच्या मनात आलं. सुकुमारनं मान खाली घातली.

“माझी वाडीची बस आहे,” म्हातारा आपणहून म्हणाला. त्याचे डोळे ओले होते. “ती चुकली तर संध्याकाळपर्यंत गाडी नाही. घरी म्हैस धारेला खोळंबते. नाहीतर उठलो नसतो बघा.” मग त्यानं पद्माकरच्या दंडाला हात लावला. “तुम्ही इथलेच ना? एवढं सांगा. शेवटी त्या पोराला आई भेटते का?”

पद्माकरनं खाली सुकुमारकडे बघितलं. आजवर शेकडो पिक्चरवर तो बोलला होता. शेवट कुणी विचारलाच नव्हता, आणि त्यातल्या निम्म्यांचा तर त्याला माहीतही नव्हता.

“भेटते, आजोबा,” खालून सुकुमार म्हणाला. “भेटते.”

“खरं?”

“खरं. स्टँडवर भेटते.”

“बरं झालं,” म्हातारा म्हणाला. “जिवाला लागून राहिलं असतं. ज्यानं काढलाय त्याला सांगा, वाडीचा भरमू बरगाले आला होता.”

पद्माकरनं कापड उचललं. म्हातारा वाकून बाहेर पडला आणि उन्हातून स्टँडच्या दिशेनं तुरुतुरु चालायला लागला. सुकुमारनं बाहीनं डोळे पुसले. मग तो उठला, अंधारात पुढे गेला आणि चिठ्ठी लावलेल्या खुर्चीवर आईशेजारी जाऊन बसला. आईनं त्याच्याकडे न बघताच त्याचा हात धरला.

पद्माकर दाराशी तसाच उभा. एक नजर उन्हातल्या फेट्यावर, एक नजर त्या खुर्चीवर.

“अक्का...” तो म्हणाला.

“हं.”

“जी पोरं उठली, त्यांचं चुकलं म्हणावं, तर तेही खरं नाही. जे बसले, ते पिक्चरसाठी बसले असंही नाही. तो भरमू आजोबा तर बसायचं असूनही गेला... आणि सुकुमार जायला आला आणि बसला.” त्याचा आवाज चढत चालला. “म्हणजे मग, अक्का, माणसानं उठायचं कधी आणि बसायचं कधी? गुरुवारी विचारलं तेच विचारतोय. आज तरी नीट सांगा!”

शेवंताक्का स्टुलावरून उठल्या. जवळ आल्या. त्याच्या चेहऱ्याकडे नाही, त्याच्या उचललेल्या हाताकडे बघितलं.

“सांगते,” त्या म्हणाल्या. “आधी ते कापड सोड. बसलेल्यांवर ऊन येतंय.”