उदाहरणातलं नाव

“सर, मग प्रस्तावना देताय ना?”

विश्वजितने तिसऱ्यांदा विचारलं. डबीर सर पुस्तकाची पानं उलटत राहिले.

सरांनी अंजनगावात जन्मभर इंग्रजी शिकवलं. विश्वजित त्यांचा विद्यार्थी. आता तीन शहरांत त्याचे क्लासेस आहेत.

इंग्रजीतली काही जोडक्रियापदं, म्हणजे फ्रेजल व्हर्ब्ज, नाम म्हणून चालतात, विशेषण म्हणूनही चालतात. सर ती जुन्या लग्नपत्रिकांच्या कोऱ्या बाजूवर लिहीत. एका पत्रिकेवर एक शब्द, खाली स्वतःचं एक वाक्य. सगळ्या पत्रिका बिस्किटांच्या एका डब्यात. सरांच्या पत्नीच्या, काकूंच्या, तेराव्याला जेवून निघताना विश्वजितने तो डबा आठ दिवसांसाठी म्हणून मागून नेला. त्याला सहा वर्षं झाली.

त्याच पत्रिकांचं आता पुस्तक झालं होतं. त्यावर नाव एकट्या विश्वजितचं होतं.

“शब्द काही कुणाच्या मालकीचे नसतात, सर.” कुणी काही विचारलं नसताना तो म्हणाला.

“नसतात.”

“आणि उदाहरणं तुमचीच ठेवलीत. जशीच्या तशी.”

“वाचलीस?”

“पाठ आहेत, सर. विचारा कुठलंही.”

“चेकअप.”

“नाम. गुरुवारी सुमनचं चेकअप आहे.” आधी इंग्रजी वाक्य म्हणून दाखवून त्याने सवयीने मराठीत अर्थही सांगितला.

“ब्रेकडाउन.”

“नाम. वाटेत गाडीचं ब्रेकडाउन झालं. सुमन तीन तास कळ काढत बसली.”

“लेफ्टओव्हर.”

“विशेषण. सुमनची उरलेली औषधं अजून कपाटात आहेत.”

एकही शब्द चुकला नाही. तो खूश झाला.

“सुमन कोण?” सरांनी विचारलं.

“कोण म्हणजे... उदाहरणातलं नाव, सर. असंच कुठलंतरी.”

...

सर उठले. विश्वजितच्या खुर्चीमागे गेले आणि भिंतीवरची तसबीर पंचाच्या टोकाने पुसू लागले.

विश्वजितने मान वळवून पाहिलं. तसबिरीखाली लिहिलं होतं, कै. सौ. सुमन डबीर.

कॉलेजची तीन वर्षं तो दर रविवारी त्यांच्या हातचं जेवला होता. त्यांना काकू म्हणायचा. नाव विचारायची वेळ कधी आली नाही.

“सर... मला खरंच...”

सरांनी पंचा खांद्यावर टाकला. पुस्तक मिटून त्याच्या हातात दिलं.

“कव्हरवर तुझंच नाव राहू दे. आतलं तिचं तेवढं काढ.”