मान वर करून चालणारा राजा आणि झोपलेलं सुरण

एक होता राजा. त्याला खाली बघायची सवयच नव्हती. चालायचा तो मान वर करून, बसायचा तो मान वर करून. पायाखाली मुंगी आहे की माणूस, त्याचा त्याला पत्ताच नाही. हसू नका, असे असतात.

त्याची एक मोठी बाग होती. बागेत एक चिंच होती, ही एवढी उंच. आणि चिंचेच्या सावलीत एक वाफा होता सुरणाचा. चिंच सांभाळायचा हैबती नावाचा माळी. सुरण लावायची सगुणा नावाची माळीण. सगुणेला कुणी नव्हतं, एक म्हातारी सासू तेवढी होती, तीही डोळ्यांनी अधू. वाफ्याच्या कडेला त्यांचं खोपट होतं. सासूबाई दारात बसायच्या, उंबऱ्यावर हात ठेवून.

हैबतीचा त्या खोपटावर डोळा होता, बरं का. तिथे त्याला आपला गोठा बांधायचा होता.

मग एकदा काय झालं, उन्हाळ्यात बागेतल्या विहिरीचं पाणी खाली गेलं. हैबती राजाकडे गेला आणि म्हणाला, महाराज, पाणी थोडं आहे, ते एकाला द्यावं. चिंचेला तरी द्यावं, नाही तर सुरणाला. आता मला सांगा, एवढ्या मोठ्या चिंचेला कुणी पाणी घालतं का? पण राजाला कुठलं ठाऊक? तो म्हणाला, वर्षभर बघतो. तीनदा येतो. दोघांत जे थोर ठरेल ते राहील. दुसरं उपटायचं, आणि त्याच्या माळ्याने बाग सोडून जायचं.

आंधळ्या सासूला घेऊन सगुणा जाणार कुठे?

मग राजा पहिल्यांदा आला चैत्रात. चिंचेला कोवळी पालवी फुटली होती, लालसर. राजा म्हणाला, वा! मग वाफ्याकडे नजर टाकली. तिथे नुसती माती. सगुणेने गड्डे नुकतेच पुरले होते, वर काय दिसणार? राजा म्हणाला, इथे तर काहीच नाही. आणि गेला.

मग राजा दुसऱ्यांदा आला, वैशाख सरता सरता. एक जुना गड्डा होता वाफ्यात, चार वर्षं न खणलेला. त्याला फूल आलं होतं. जमिनीतून थेट वर, पान नाही, फांदी नाही. जांभळं, चुण्याचुण्यांचं, टोपलीएवढं. सगुणा किती हरखली होती! राजाने फूल म्हणून लांब श्वास घेतला. आणि सुरणाच्या फुलाचा वास कसा असतो, माहीत आहे? मेलेल्या उंदरासारखा. राजाने उपरणं नाकाला लावलं आणि तरातरा निघून गेला. अरे, ते फूल माश्यांसाठी असतं, तुझ्या नाकासाठी नव्हे. पण ऐकतो कोण?

मग पाऊस लागला. आणि मग बघायला हवं होतं त्या वाफ्याकडे. एकेका गड्ड्यातून एकेक दांडा, ठिपक्याठिपक्यांचा, आणि वर एकेक पान, छत्रीसारखं उघडलेलं. सगळा वाफा हिरवागार. सासूबाई हात लावून लावून पानं मोजायच्या. आणि तेव्हा राजा कुठे होता? महालात. का? तर बागेत चिखल आहे, जोडे भरतील. सगळ्यात देखणं होतं तेव्हा राजा आलाच नाही. मला ही गोष्ट सांगताना अजून राग येतो.

तिसऱ्यांदा आला तो पौषात. सुरणाचं पान तेव्हा पिवळं होतं, वाळतं आणि आडवं होतं. रीतच आहे ती. पान आपलं सगळं सत्त्व खाली गड्ड्यात ठेवतं आणि मग गड्डा झोपी जातो. चिंच मात्र उभी, अंगभर गाभुळलेल्या चिंचा लेवून. हैबती पुढे झाला, म्हणाला, बघा महाराज, माझं झाड. त्याचं झाड! त्याच्या आजोबांनी लावलेलं, आणि मान हा मिरवणार.

सगुणेने हात जोडले. म्हणाली, "महाराज, मेलं नाही ते, झोपलंय. एकदा खाली वाकून माती उकरून बघा."

राजा म्हणाला, "मी वाकू?"

झालं. चिंच जिंकली, सुरण हरलं. सगुणेने एक गाठोडं काखेत मारलं, सासूबाईंचा हात धरला आणि निघाली. सासूबाई उंबऱ्यावरचा हात काढेचनात. सगुणेने तो हळूच सोडवला. काय वाटलं असेल तिला, सांगा.

त्या दोघी नदीपलीकडे गेल्या, आणि हैबतीने काय केलं? कुदळ घेतली आणि वाफा खणला. आतून निघाले घागरीएवढे गड्डे! एक बारका तेवढा कोपऱ्यात राहिला. बाकीचे त्याने टोपल्यात भरले आणि मुदपाकखान्यात नेले. म्हणाला, माझ्या बागेतलं आहे. याला म्हणतात आयत्या बिळात नागोबा.

आचारी म्हणाला, याला चिंच लागेल. हैबती राजाला म्हणाला, महाराज, जिंकलेली चिंच आणि हरलेलं सुरण एका पातेल्यात? शोभेल का आपल्याला? राजाला ते पटलं. म्हणाला, खबरदार, चिंच घालायची नाही. राजाचा हुकूम. आचारी काय करणार बिचारा? केली तशीच भाजी.

मग पंगत बसली. राजाने पहिला घास घेतला. दुसरा घेतला. तिसरा घेतला, आणि जीभ लागली खाजायला! घसा खवखवायला लागला. राणी खोकली, प्रधान खोकला. हैबतीने तर गड्डे सोलले होते, त्याचे कोपरापर्यंत हात खाजत होते. सुरणाला राग आला होता, बरं का. झोपलेल्याला मेलं म्हणायचं, घरातून ओढून काढायचं, त्याच्या माणसांना हाकलायचं आणि वर त्यालाच खायचं? येणारच राग.

मग गूळ खाल्ला. नाही. तूप चाटलं. नाही. मध चाटला. तरी नाही. आचारी चिंचेची बरणी घेऊन धावत आला. उघडून बघतो तर आत नुसते चिंचोके.

मग सगळे बागेत गेले. हैबतीने चिंचेला हात घातला, फांदी वर गेली. आकडी लावली, फांदी आणखी वर गेली. शेंड्यापर्यंत चढला, चिंचा त्याच्याही वर गेल्या. आणि मग झाड बोललं.

"मी कधी म्हटलं, मला जिंकायचंय? सुरण माझ्या पायाशी सुखाने निजायचं. आधी सगुणेला आणा."

घोडेस्वार नदीपलीकडे गेला. सगुणा म्हणाली, मी चालत येईन, पण सासूबाईंना पालखी लागेल. पालखी आली. सगुणा राजासमोर उभी राहिली. राजा तिला काही बोलणार, तर ती म्हणाली, "माझी नको, त्याची माफी मागा." आणि कोपऱ्यातल्या बारक्या गड्ड्याकडे बोट केलं.

राजा बघतच राहिला. पण घसा असा खवखवत होता की काही सुचेना. मग त्याने मान खाली घातली. कट् असा आवाज झाला. मुकुट पडला मातीत. राजाने गुडघे टेकले, हाताने माती उकरली. आत गड्डा होता, मातीने माखलेला, आणि त्याला टिचभर कोंब होता. इवलासा, गुलाबी. जन्मात पहिल्यांदा राजाने खाली काहीतरी पाहिलं.

राजा म्हणाला, "चुकलो रे बाबा."

सुरण झोपेतच बोलल्यासारखं बोललं. "मी पडलो होतो तेव्हा आलास. मी उभा होतो तेव्हा कुठे होतास?"

राजाची मान आणखी खाली गेली. मग चिंचेने आपण होऊन फांदी खाली केली. राजाने चिंच चोखली, घसा निवला. राणीने चोखली, प्रधानाने चोखली. हैबतीला मात्र झाडाने दिली नाही. तीन दिवस खाजवू दे म्हणालं. मला विचाराल तर तीन कमीच झाले.

तेव्हापासून सुरणाच्या भाजीला चिंच लावायला कुणी विसरत नाही. चिंच नसली तर ते अजून खाजतं. सगळाच राग काही जात नाही, थोडा ठेवलाय त्याने, लोकांना आठवण राहावी म्हणून.

मग सगुणेला तिचा वाफा मिळाला. गड्डा राजाने स्वतः माती सारून परत झाकला. पालखी खोपटापाशी थांबली. सासूबाई उतरल्या, हाताने चाचपत चाचपत गेल्या, उंबरा लागला. त्यावर हात ठेवून खाली बसल्या आणि म्हणाल्या, "आलं गं बाई घर."

दोघी सुखाने राहिल्या. राजाही राहिला, मान खाली घालायला शिकला. जोडे मात्र त्याचे दर पावसात भरायचे.

चला, आता पुरे. डोळे मिटा. आणि कुणी मध्येच येऊन विचारलं की ही पोरं अशी आडवी का पडलीत, तर मी सांगेन त्याला, झोपलीत ती, उठली की बघ.