हौसेचा रिकामा डबा

टाकी एक, तिच्यातलं डिझेल एक, आणि राजाला त्यातलं हौसेचं वेगळं नि पोटाचं वेगळं हवं होतं. तेही आठ दिवसांत, दोन डब्यांत भरून. नाही जमलं तर होडी जप्त!

शिरवंडे संस्थानचा हा राजा मोठा हट्टी. त्यानं फर्मान काढलं होतं, की मासे धरायला जे डिझेल जळेल त्याला पट्टी माफ. पण हौसेनं फिरायला जे जळेल त्याला दुप्पट हौसपट्टी, शिवाय त्यात राजाच्या रानातल्या करंजाचं तेल चौथा हिस्सा मिसळायचंच. हौशी होड्यांचे मालक कपाळाला हात लावून बसले. करंजाचं तेल टाकीत नुसतं उभं राहिलं की इंजिन खोकायला लागतं, हे सगळ्यांना ठाऊक. पण राजाला सांगणार कोण?

धाकू तांडेलाची पंचाईत सगळ्यांत मोठी. त्याची होडी एकच. पहाटे ती जाळं घेऊन जाई, आणि दिवसा तीच पाहुण्यांना खाडीतलं दिवेबेट दाखवून आणी. त्याची बायको शेवंती लेकीला कडेवर घेऊन बरोबर जाई नि पाहुण्यांना गरम कालवण-भाकरी वाढी. होडी गेली म्हणजे घरची चूलही गेली.

"टाकी एक असली म्हणून काय झालं?" राजा दरबारात म्हणाला होता. "थेंब तर वेगवेगळे आहेत ना?"

"आता थेंबाच्या कपाळावर काय लिहिलेलं असतं होय?" धाकू घरी येऊन करवादला.

सात दिवस शेवंतीच्या डोक्यात तेच घोळत होतं. लेकीला भरवताना हात तिच्या तोंडापर्यंत जाई नि तिथंच थांबे. आठव्या दिवशी ती एकदम म्हणाली, "अहो, आज दशमी ना?"

"इथं होडी चाललीय, आणि तू तिथी काय विचारतेस?"

"एक सांगा. हौसेच्या माणसाला कधी घाई असते का?"

शेवंतीनं दोन डबे उचलले, लेकीला धाकूकडे दिलं, आणि थेट राजवाडा गाठला.

"महाराज, हा पोटाचा," तिनं पहिला डबा पुढे ठेवला. काठोकाठ भरलेला. "आणि हा हौसेचा."

राजानं वाकून पाहिलं. डबा रिकामा!

"माझी थट्टा करतेस?"

"नाही महाराज. यापुढं आमचे पाहुणे दिवेबेटाला जाऊन येतील, त्यात एवढंच जळेल."

"इंजिनाशिवाय?"

"परवा द्वादशी. सकाळी नऊला धक्क्यावर या नि डोळ्यांनी बघा."

"येतो. माझ्या लाँचमधून तुमच्या मागोमाग येतो. पण इंजिनाचा एकदा जरी आवाज आला, तर होडी माझी."

किनाऱ्यावरच्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं, की तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते. बाराची पाऊणपट नऊ. द्वादशीला नऊ वाजता भरती पुरी झाली, पाणी फिरलं आणि धाकूनं दोर सोडला. ओहोटीनं होडी अलगद बेटाकडे न्यायला सुरुवात केली. धाकू नुसता सुकाणू धरून बसला, पाहुणे पाण्यात पाय सोडून गाणी म्हणू लागले. तीननंतर हेच पाणी उलटं वळून त्यांना घरी आणणार होतं.

मागून राजाची लाँच निघाली. रंग नवा, पडदे रेशमी. पण पावसाळ्याचे चार महिने ती टाकीत करंजाचं तेल घेऊन नुसती उभी होती. अर्ध्या खाडीत ती दोनदा खोकली, एकदा शिंकली, आणि बंद पडली ती पडलीच.

ओहोटीला राजा काय नि रंक काय! धाकूनं बेटापाशी नांगर टाकला, तेवढ्यात लाँच आडवी होऊन त्यांच्या शेजारून निघाली, सरळ खाडीच्या तोंडाकडे. तिथं खडक होते.

"तांडेला! इंजिन लाव, मला ओढून ने!" राजा ओरडला.

धाकूचा हात इंजिनाच्या दांड्याकडे गेला. शेवंतीनं तो धरला.

"महाराज, आवाज आला तर होडी तुमची, असं ठरलंय."

"अगं, ते राहू दे आता!"

"बरं, राहिलं. पण जाळू कुठल्या डब्यातलं? हौसेचा तर रिकामा. आणि पोटाचं फक्त माशासाठी, असं तुमचंच फर्मान आहे."

राजानं खडकांकडे पाहिलं, मग शेवंतीकडे.

"मग मला मासा समज, बाई, पण ओढ!"

"समजले," म्हणून शेवंतीनं दोर फेकला. धाकूनं नांगर उचलून इंजिन लावलं, आणि होडी, लाँच नि राजा अशी वरात धक्क्याकडे निघाली.

धक्क्यावर पट्टीचा कारकून वही घेऊन उभाच होता. "इंजिनाचा आवाज मी स्वतः ऐकला. होडी जप्त!"

"पोटाचंच जाळलंय, भाऊसाहेब," शेवंती म्हणाली. "मासेमारी केली. आज एकच गावला. मोठा आहे, पण बोलतो फार."

मागून राजा उतरला, गुडघ्यापर्यंत भिजलेला. कारकुनाच्या हातून वही पडली. राजानं एकदा शेवंतीकडे पाहिलं, एकदा आपल्या रेशमी पडद्यांकडे, आणि पोट धरून असा हसला, की धक्क्यावरचे बगळे उडाले.

"कारकून, लिहा," हसू ओसरल्यावर तो म्हणाला. "हौसपट्टी आजपासून बंद. करंजाचं तेल दिव्यात जाळा, होडीत नको. आणि बाई, तो तुझा रिकामा डबा आण इकडे. दर महिन्याला तो राजवाड्यातून भरून येईल. हौसेचा म्हणून!"

शेवंतीनं डबा पुढे केला, पण हातातून सोडला नाही.

"करंज न मिसळता ना, महाराज?"

राजाला पुन्हा हसू फुटलं, आणि हसता हसताच त्यानं मान डोलावली. तेव्हा कुठं शेवंतीनं डबा सोडला.