बिनआवाजाचं डिझेल इंजिन

"माझ्या जीपला डिझेल इंजिन बसव. पण त्याचा आवाज माझ्या कानावर आला, तर तुझी शेड राजवाड्याच्या जागेवरून उठली म्हणून समज!"

एवढं बोलून कर्णगडचे श्रीमंत भैरोजीराव सरकार मिशीला पीळ देत बसले. संस्थान जाऊन पंचवीस वर्षं झाली होती, हट्ट मात्र तस्साच! आणि हट्टाचं कारण काय, तर शेजारचे राजेसाहेब परवा डिझेल जीप घेऊन गडावर थेट देवीच्या दारापर्यंत गेले, आणि आपल्या सरकारांची पेट्रोल जीप मधल्या चढावरच धापा टाकून बसली. उरलेला गड सरकारांना पायी चढावा लागला. तोही सगळ्या जत्रेच्या देखत!

समोर उभी होती म्हाळसा, येसबा लोहाराची लेक. बापाचे डोळे अधू झाल्यापासून गॅरेज तीच चालवायची.

"सरकार, डिझेल म्हंजे धडधडणारच! पोर रडायचं न्हाई अशा अटीवर कुणी बाळंतपण करतंय व्हय?"

"व्वा सरकार! काय अट घातलीत!" मागून पाच मानकरी एकदम गरजले. सरकार शिंकले तरी वाहवा करायची, हा या पाचांचा पिढीजात मान. दुसरं काम म्हणून त्यांनी जन्मात केलं नव्हतं. सरकार खूश होऊन त्यांच्याकडे वळले, आणि म्हाळसाचं बोलणं हवेतच राहिलं.

झालं! म्हाळसा कामाला लागली. एका मोडीत निघालेल्या टेम्पोचं इंजिन तिनं आणलं. ते जीपच्या गिअरबॉक्सला जुळेना, म्हणून मधे बसवायला पोलादाची जाड चकती कातून घेतली. इंजिनाखाली रबराचे जाड तुकडे दिले, भला मोठा सायलेन्सर लावला. करायचं तेवढं सगळं केलं, तरी धडधड ती धडधडच! चाळीस वर्षांची शेड. त्या शेडबाहेर बापाला चार पावलं धड टाकता येत नव्हती.

"पोरी, सामान बांधायला घेऊ का?" येसबानं विचारलं.

"थांबा जरा, बाबा. राजवाड्यात एकदा चालवून बघते."

राजवाड्याच्या चौकात तिनं इंजिन सुरू केलं. कबुतरं भर्रकन उडाली, मुदपाकखान्यातली पातेली थरथरली. वर सज्जात सरकार नवा फेटा बांधून बसले होते, आणि पाचही मानकरी त्या फेट्यावर तुटून पडले होते. "काय तुरा! काय रंग! काय डोकं!" थोड्या वेळानं सरकार कठड्यावरून वाकले आणि ओरडले, "काय गं, अजून किती वेळ? सुरू कधी करणार?"

म्हाळसा बघतच राहिली. इंजिन चालूच होतं!

तिनं ते गुपचूप बंद केलं. "उद्या सरकार! थेट गडावर!" आणि घरी येऊन बापाला म्हणाली, "बाबा, सामान ऱ्हाऊ द्या जागच्या जागी."

दुसऱ्या दिवशी सकाळी सरकार स्वतः चालवायला बसले. शेजारी म्हाळसा.

"एक अडचण हाय, सरकार. डिझेल इंजिन जड. तोंडाकडं भार आला की चढावर मागची चाकं जागेवरच फिरत्यात. मागं वजन पायजे."

"मग टाक वाळूची पोती!"

"सरकारांच्या मागं पोती? लोक काय म्हणतील! तिथं मानकरीच शोभत्यात."

तिचं वाक्य संपायच्या आत पाचही मानकरी मागे चढून जागेसाठी एकमेकांना ढोसायला लागले होते. जीप निघाली.

"काय वळण घेतलंत, सरकार!"

"गिअर टाकावा तर आमच्या सरकारांनी!"

"खड्डा असा चुकवला की व्वा!"

"अहो, चुकवला कुठं? खड्ड्यातच घातली! पण काय ऐटीत घातली!"

मधला चढ आला. इंजिनानं जोर धरला, तसा मानकऱ्यांनीही धरला. पाच नरडी एकदम सुटली! जीप तो चढ चढून थेट देवीच्या दारात उभी राहिली. सरकारांनी ऐटीत इंजिन बंद केलं.

"आवाज आला का, सरकार?" म्हाळसानं विचारलं.

"छे! मांजर चालावं तशी आली!"

तेवढ्यात देवीचा म्हातारा गुरव हात जोडत धावत आला. वीस वर्षं तो ठार बहिरा; कानाशी घंटा बडवली तरी त्याला कळत नसे. म्हातारा रडतच होता. "सरकार, देवी पावली! माझे कान उघडले! पार पायथ्यापासनं गाडीची धडधड ऐकू आली!"

सरकारांचा चेहरा उतरला. "मग मला कशी नाही आली?"

"मानकरी, उतरा खाली. आणि सरकार हो म्हणेपर्यंत तोंड उघडायचं न्हाई," म्हाळसा म्हणाली. पाचही जण गप उतरले. तिनं इंजिन सुरू केलं. धड् धड् धड् धड्! सरकार दचकून जागेवरून उडालेच.

"फसवतेस मला? येताना काय बसवलं होतंस, बोल!"

म्हाळसानं इंजिन बंद केलं. "इंजिनाला एक सायलेन्सर पुरत न्हाई सरकार, म्हणून आणखी पाच लावले. तुमच्याच घरचे. माझा बाप शेडची जागा नावावर मागायला तीनदा राजवाड्याच्या दारात येऊन ओरडून गेला. त्यो तुमाला ऐकू आला न्हाई, तर इंजिन कुठनं ऐकू येणार?"

सरकारांनी एकदा म्हाळसाकडे पाहिलं, एकदा त्या पाच मिटलेल्या तोंडांकडे, आणि असे खदाखदा हसले की नवा फेटा घरंगळून चिखलात पडला. त्याचीही वाहवा करायला या वेळी कुणी धजलं नाही!

"उद्याच शेडची जागा तुझ्या नावावर! आणि मानकरी, तुम्ही गड पायी उतरा. मला जाताना इंजिन ऐकायचंय." मग सरकार जरा थबकले. "पण म्हाळसा, मागे वजनाचं काय?"

"दगड टाकते की, सरकार," म्हाळसा जीपमागे जात म्हणाली. "वजन तेवढंच, आणि ते बोलत न्हाईत!"